दोन हाका, मग हात

ऑगस्टातल्या बैठकीत सगळ्यांनी हात वर केले, तेव्हाच गुनवोरच्या मनात पाल चुकचुकली होती.

विभागप्रमुख ओत्तारने मोठ्या साळसूदपणे विषय काढला होता. "आपण वर्षभर विद्यार्थ्यांना फसवून शिकवतो. खोटे अलार्म वाजवतो, होकायंत्र बिघडवतो, धुकं सोडतो. या सत्रात थोडं आपल्यालाही फसवून बघू या की! कधी, कुठे, कोण फसवणार ते सांगणार नाही. सांगितलं तर कळणार काय? आहे कोणाची हरकत?"

हरकत कोण घेणार! यंत्रापुढे बसलेला माणूस कसा चुकतो हे शिकवण्यावर ज्यांचं पोट चालतं, त्यांनी 'आमच्या चुका तेवढ्या बघू नका' म्हणायचं कोणत्या तोंडाने? एकेक हात वर गेला. सगळ्यांत आधी गेला तोरलाइफचा, आणि हात तसाच वर ठेवून त्याने टेबलापलीकडून गुनवोरला डोळा मारला.

झालं. तेवढ्या डोळा मारण्याने बाईंचं पुढचं सगळं सत्र नासवलं.

तोरलाइफ आणि गुनवोर कित्येक वर्षं जोडीने एकच विषय शिकवत आले होते. विद्यापीठाच्या तळमजल्यावर जहाजाचा नकली ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची खोली, होती. सुकाणू खरं, रडार खरं, फक्त खिडक्यांच्या जागी गोल पडदे आणि त्यांवर हुबेहूब समुद्र. तोरलाइफ तिथे कप्तान व्हायचा, विद्यार्थी त्याच्या हाताखालचे अधिकारी, आणि गुनवोर काचेपलीकडच्या खोलीत बसून वारा, धुकं, समोरून येणारी जहाजं सोडायची. दुपारी दोघं एकाच बाकावर डबा उघडायची. तिच्या डब्यातला तपकिरी चीजचा एक पाव त्याचा. त्याच्या डब्यातला, वाटलेली कलेजी लावून वर बिटाची आंबट फोड ठेवलेला एक पाव तिचा. ही अदलाबदल इतकी मुरलेली की 'देऊ का' असं कोणी विचारतही नसे. गुनवोरला नवरा नव्हता, बहीण परदेशी. जवळचं माणूस म्हणाल तर हेच.

त्यांच्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा धडा अगदी साधा होता. कप्तान आजारी पडतो, त्याला झापड येते, पण बाकीचे म्हणत राहतात, 'असेल त्याच्या मनात काहीतरी', आणि जहाज खडकावर जातं. म्हणून गुनवोरने नियम करून दिला होता: दोन हाका, मग हात. एक हाक मारायची. उत्तर आलं नाही तर दुसरी, मोठ्याने. तरीही नाही, तर विचारत बसायचं नाही, सुकाणू हातात घ्यायचं. हे शिकवायला तोरलाइफ दर वर्षी एका तासाला कप्तानाच्या खुर्चीत बसून हळूहळू गप्प व्हायचा. त्याच्यासारखं गप्प होणं कोणाला जमायचं नाही. गावात जानेवारीत विनोदी नाटुकल्यांचा कार्यक्रम होई, त्यात तोच हुकमाचा एक्का. त्याचा झिंगलेला पाद्री बघून खुद्द पाद्रीणबाई खुर्चीवरून घसरल्या होत्या.

याच नाटकीपणाने गुनवोरचा एकदा घात केला होता. काही वर्षांपूर्वी तोरलाइफने तो गप्प व्हायचा तास, तिला न सांगता, आठवडाभर आधीच करून टाकला. काचेआडून तिला दिसलं ते फक्त खाली कललेलं डोकं. ती धावत गेली, त्याच्या शर्टाची बटणं सोडली, रुग्णवाहिका बोलावली. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आत आली तेव्हा तोरलाइफने एक डोळा उघडून विचारलं, "कॉफी घेणार का?"

विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिथे संपलं असतं तर ठीक होतं. पण ख्रिसमसच्या जेवणाला जुन्या चालीवर नवे शब्द रचून एकेकाची टोपी उडवायची पद्धत, आणि त्या वर्षीचं गाणं गुनवोरवर निघालं. 'गुनवोर आली धावत, पांढरी गाडी घेऊन.' सगळा विभाग उभा राहून गायला. ओत्तारने ग्लासावर चमच्याने ताल धरला. ती सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसली, आणि घरी जाऊन अंगातला कोटही न काढता रडली. पुढे कितीतरी दिवस मासळीवाला तिला कॉड बांधून देताना तीच चाल गुणगुणायचा.

पुन्हा नाही, असं तिने ठरवलं होतं. काय वाटेल ते होवो, पुन्हा हसं करून घ्यायचं नाही.

आणि आता हा प्रयोग! सप्टेंबरात कॉफीचं यंत्र बदललं. बटणांचा क्रम उलटा, कपात नुसतं गरम पाणी. गुनवोरने छताकडे बघून कॅमेरा शोधला आणि कोणीतरी बघतंय असं धरून ते पाणी शांतपणे पिऊन टाकलं. लिफ्ट भलत्याच मजल्यावर थांबली तेव्हा ती आत हाताची घडी घालून मंद हसत उभी राहिली. शेवटी सफाईच्या बाईने विचारलं, "उतरायचंय की नुसतीच हवा खायची?" काविळीच्या डोळ्याला सगळंच पिवळं. हे विद्यार्थ्यांना शिकवणारीही तीच.

मग तोरलाइफचं सुरू झालं. आधी त्याच्या डाव्या हातातून कॉफीचा मग निसटून फुटला. तो आपल्याच बोटांकडे दुसऱ्या कोणाची असावीत तसा बघत राहिला आणि म्हणाला, "झोप नाही झाली." गुनवोरला वाटलं, बोटांकडे बघण्याचा भाग जरा जास्तच झाला. काही दिवसांनी डबा खाताना त्याने डाव्या बाजूला ठेवलेल्या तिच्या पावाला हातच लावला नाही.

"आज चीज नको?"

"कुठलं चीज?" तो म्हणाला, आणि इतक्या निरागसपणे म्हणाला की ती मनातल्या मनात म्हणाली, वा रे नटा!

नंतर तो दाराच्या चौकटीवर डाव्या खांद्याने आदळला. पुन्हा एकदा आदळला. एका दुपारी त्याच्या तोंडाचा कोपरा जरा खाली आला आणि कॉफी संपेपर्यंत पुन्हा जागेवर गेला. गुनवोर हे सगळं बघत होती आणि तिची खात्री पटत चालली होती. कारण हा तिचाच धडा होता! 'आजार ढोल वाजवत येत नाही' या नावाचा. त्यात हात, मग नजर, मग तोल, मग तोंड, हा क्रम तिनेच मांडला होता, आणि तोरलाइफ तिच्या धड्यातल्या क्रमानेच चालला होता. खरा आजार असा पुस्तक वाचून येतो का कधी? दुसऱ्या कोणत्याही बाईने त्या तोंडाच्या कोपऱ्याकडे बघून त्याला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं. हिने त्याचा अभिनय तपासला.

तरी एकदा सायकली ठेवायच्या छपराखाली तिने त्याला गाठलंच.

"सरळ सांग, ओत्तारने तुला काम दिलंय ना?"

"कसलं काम?"

"मला मूर्ख बनवायचं."

"त्याला ओत्तार कशाला लागतो?" तो हसला. "तुझ्या डोक्यात भुंगा शिरलाय, गुनवोर."

"मग तो हात असा का धरलायस?"

"कसा? अगं, म्हातारा झालो. मार्चमध्ये तुम्ही मला निवृत्तीचा केक खाऊ घालून हाकलणार आहात."

"एवढं असेल तर जा की डॉक्टरकडे." हे तिने काळजीने म्हटलं नव्हतं. डॉक्टरचं नाव काढल्यावर गडी कसा चपापतो, ते तिला बघायचं होतं.

"जाईन. पुढच्या आठवड्यात. आधी तालीम आटपू दे." आणि तो सायकलचं कुलूप काढायला वाकला, आणि ते त्याला लवकर निघेना.

तालीम म्हणे! म्हणजे चोर स्वतःच्या तोंडाने बोलला. जानेवारीच्या नाटुकल्यांची तालीम दर वर्षी याच दिवसांत सुरू होते हे तिला ठाऊक होतं. पण त्या घडीला आठवलं असतं तर ना.

मंगळवारी सकाळचा तास होता. गप्प व्हायचा धडा पुढच्या आठवड्यात, आज फक्त धुकं. वर्गात बहुतेक गावचीच मुलं, तोरलाइफचा पाद्री बघत वाढलेली, आणि तिकडच्या रीतीप्रमाणे शिक्षकांनाही नावाने, 'तू' म्हणूनच हाक मारणारी. एकटी सिन्ने तेवढी पार उत्तरेकडची, मासेमारीच्या बोटींवर काही वर्षं काढून मग शिकायला आलेली. तिने तोरलाइफला रंगमंचावर कधी बघितलं नव्हतं, आणि तिला विनोद उशिरा कळतात असं बाकीचे म्हणत. आज ती कप्तानाची मदतनीस होती.

गुनवोरने धुकं सोडलं आणि डावीकडून एक मालवाहू जहाज आणलं.

"डावीकडे जहाज, कप्तान," सिन्ने म्हणाली.

तोरलाइफ उजवीकडे बघत होता. उत्तर नाही. त्याचा डावा हात खुर्चीच्या हातावरून घसरला आणि लोंबकळत राहिला. मागच्या दोघांनी एकमेकांना कोपर मारलं. त्यातला एक, एर्लेंड नावाचा, अगदी हळू काहीतरी गुणगुणू लागला. कानावरच्या हेडफोनमध्ये गुनवोरला ती चाल लख्ख ऐकू आली. गुनवोर आली धावत, पांढरी गाडी घेऊन. विद्यार्थ्यांपर्यंतसुद्धा गेलंय तर!

संतापाने तिचे कान तापले. आठवडाभर आधी, न सांगता, त्याच खुर्चीत, तोच डाव, आणि तोसुद्धा माझ्यावरच? एवढी बावळट समजलास का रे मला? सगळं थांबवायचं लाल बटण तिच्या हाताशी होतं. ती त्याला शिवली नाही. तिने कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे मान वर केली, पलीकडे ओत्तार बसला असणार असं धरून छानपैकी हसली, आणि हाताची घडी घातली.

"तोरलाइफ! डावीकडे जहाज! ऐकतोयस ना?" ही सिन्नेची दुसरी हाक. मग तिने काचेकडे बघितलं. गुनवोरने खांदे उडवले.

सिन्नेने सुकाणू धरलं आणि जहाज उजवीकडे वळवलं. पडद्यावरची ती काळी भिंत बाजूने सरकून गेली. इथे दर वर्षी धडा संपायचा. तोरलाइफ डोळे उघडायचा, टाळ्या पडायच्या. एर्लेंडने दोन टाळ्या वाजवल्यासुद्धा. सिन्नेने सुकाणू त्याच्या हातात कोंबलं आणि ती खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली.

"दोन्ही हात वर कर. मला दाखव." एकच हात वर आला. "हास बघू." अर्धंच तोंड हसलं. "गाडी बोलवा!" ती ओरडली. कोणी हललं नाही. "अरे, बघताय काय? गाडी बोलवा!"

"मस्त करतोय ना?" एर्लेंड म्हणाला, पण त्याचा आवाज बारीक झाला होता.

सिन्ने उठली आणि काचेवर मूठ आपटू लागली. गुनवोर माइकवर "सिन्ने, शांत हो, हे सगळं..." एवढं बोलली आणि थांबली. हेडफोनमध्ये आता गाणं नव्हतं. तोरलाइफचा आवाज होता, जड, ओला. "गुन... गुन..." तो तिला शोधत होता. ती त्याच्या डाव्या हाताला, काचेमागे होती, जिथे ती नेहमी असते, आणि तो उजवीकडच्या रिकाम्या भिंतीत तिला शोधत होता.

तिने बटण दाबलं. समुद्र जागच्या जागी थबकला. धावताना तिची खुर्ची पडली.

रुग्णवाहिकेतून आलेल्या दोघांपैकी एक जण त्या वेळचाच होता. त्याने दारातच विचारलं, "या वेळी खरं ना?"

"खरं," गुनवोर म्हणाली. "खरं आहे. लवकर करा हो."

ओत्तार जिन्यावरून धापा टाकत आला तेव्हा स्ट्रेचर गेलेलं होतं. तिने त्याचा दंडच धरला. "तू बघत होतास ना? कॅमेऱ्यातून?"

"मी? मी डबा खात होतो."

"आणि तुझा तो प्रयोग?"

"कुठला प्रयोग? अगं, समितीची परवानगीच आली नाही अजून. नाताळनंतर बघू म्हणालेत. एवढ्यात कुठला..." तिचा चेहरा बघून त्याचं वाक्य अर्धंच राहिलं.

प्रत्येक तासानंतर वॉफल आणि कॉफी घेऊन गोल बसायचं, जे घडलं ते पडद्यावर बघायचं, आणि कोणी कोणाला दोष द्यायचा नाही, अशी त्यांच्याकडची रीत. एकच प्रश्न विचारायचा: तेव्हा तुला काय दिसत होतं? दुसऱ्या दिवशी ओत्तार म्हणाला की हे रद्द करू. गुनवोरने ऐकलं नाही. ती विद्यार्थ्यांच्या खुर्चीत बसली आणि पडद्यावर स्वतःला बघितलं: हाताची घडी, वर मान, गोड हसू. ते हसू संपता संपेना. कोणी दोन शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. पण नियम तिचाच होता, आणि कोणी तो मोडला नाही.

"तेव्हा तुला काय दिसत होतं?" सिन्नेने विचारलं.

"मी," गुनवोर म्हणाली. "तोरलाइफ मला दिसतच नव्हता. मला ख्रिसमसच्या जेवणातली मी दिसत होते, आणि तुम्ही सगळे उभे राहून गाताय."

एर्लेंडने वॉफलचे तुकडे करून करून त्याचा चुरा केला होता. "मी गुणगुणत होतो," तो म्हणाला.

"तुला भीती नाही वाटली?" गुनवोरने सिन्नेला विचारलं. "नाटक निघालं असतं तर?"

"वाटली ना. सगळे हसणार, हे वाटलंच." सिन्नेने खांदे उडवले. "पण हसले असते तर हसले असते. त्यात कोण मरतं?"

तोरलाइफ मेला नाही. पण डावा हात गेला, डावा पाय अर्धा गेला, आणि जगाचा डावा अर्धा भाग त्याच्यासाठी पुसला गेला. भेटायला परवानगी मिळाली त्या दुपारी नर्सने गुनवोरला बजावलं, "खुर्ची त्याच्या डावीकडेच ठेव आणि तिकडूनच बोल. त्याला तिकडे बघायची सवय लागायला हवी."

तो पडल्या पडल्या उजवीकडच्या खिडकीतून बाहेर बघत होता. पुढ्यातल्या ताटलीतलं उजव्या अर्ध्यातलं मासे-बटाट्याचं जेवण संपलं होतं, डावं तसंच होतं. गुनवोरने डबा उघडून मांडीवर ठेवला, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. डोळा मारण्यापासून सांगितलं. फुटलेला मग, आदळलेला खांदा, तोंडाचा कोपरा, तिला सगळं दिसलं होतं हे सांगितलं. "मला वाटलं, तू मला पुन्हा फसवतोयस. तू माझं नाव घेत होतास आणि मी कॅमेऱ्याकडे बघून हसत बसले होते रे."

तो खिडकीतूनच बाहेर बघत राहिला.

"तोरलाइफ?"

काही नाही.

"तोरलाइफ!"

पापणीसुद्धा हलली नाही. आणि गुनवोरच्या मनात संशय आलाच, मेल्या संशयाला औषध नाही. रागावला असेल. सिन्नेने सांगितलं असेल त्याला आधीच. किंवा नाटक करत असेल, त्याचा काय भरवसा! घंटा वाजवली आणि नाटक निघालं, तर सगळ्या वॉर्डासमोर पुन्हा तेच. हे सगळं तिच्या डोक्यातून गेलं, पण तोवर तिचा एक हात त्याच्या मनगटावर होता आणि दुसऱ्या हाताने ती घंटेचं बटण दाबत होती, दाबतच होती.

नर्स धावत आली. मागोमाग आणखी एक आली. तेव्हा तोरलाइफने मान वळवायला सुरुवात केली. वाटेत दोनदा थांबत, घाम येईपर्यंत, त्याने ती पार डावीकडे आणली आणि त्याचे डोळे तिला सापडले.

"पहिलीच... हाक... ऐकली होती," तो म्हणाला.

"मग ओ का नाही दिलीस?"

"बघत होतो." अर्धं तोंड हसलं. "घंटा... वाजवतेस का."

नर्स भडकली. "तोरलाइफ, ही थट्टा इथे चालायची नाही! आणि तू गं, पुढच्या वेळी तुझी घंटा वाजली तर आम्ही खरी धरायची की खोटी?"

"खरीच धरा," गुनवोर म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. "तो दर वेळी फसवणार आणि मी दर वेळी वाजवणार."

"गाणं... करतील... तुझ्यावर."

"करू देत," ती म्हणाली. तिने चीजचा पाव त्याच्या ताटलीत ठेवला, डाव्या बाजूला, आणि त्याला तो सापडेपर्यंत थांबली.